आजीची भाषा आणि फ्रान्सची शाळा

वर्धा मार्गाच्या एका अंगाला विमानतळ आणि मिहान, तर दुसऱ्या अंगाला मनीषनगर आणि त्यापलीकडे बेसा. एके काळी शेतशिवार असलेल्या या भागात आज सदनिकांच्या उंच इमारतींची रांग उभी आहे. इतवारीच्या जुन्या पेढ्या सांभाळणाऱ्या अनेक घरांतील नवी पिढी शहराच्या या दक्षिण टोकाला राहावयास आली. वडील गादीवर, मुलगा संगणकासमोर किंवा कारखान्यात, अशी कामांची नवी वाटणी झाली.

याच मिहानमध्ये २७ ऑक्टोबर २०१७ रोजी दसॉ रिलायन्स एरोस्पेसच्या कारखान्याची पायाभरणी झाली. फाल्कन २००० या फ्रेंच विमानाचे भाग नागपुरात तयार होऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात फाल्कन २००० एलएक्सएस या संपूर्ण विमानाची जुळणीही नागपुरात करण्याची घोषणा झाली. फ्रान्स हा देश आता बेसाच्या घरांना पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. प्रशिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा व्यापारासाठी दोन-तीन वर्षे तेथे जाण्याचा प्रस्ताव उद्या कोणत्याही घराच्या दारात येऊ शकतो.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजोबा इतवारीत दुकान पाहतात. आजी संध्याकाळी नातवंडांना जवळ घेऊन णमोकार मंत्र म्हणवून घेते. मुलाला फ्रान्समध्ये तीन वर्षांचे काम मिळाले आहे. पगार, घरभाडे, विमानाची तिकिटे यांचा हिशेब एका संध्याकाळी जुळतो. व्यापाऱ्याच्या घरात आकड्यांची भीती कोणाला नसते. हिशेब अडतो तो दोन मुलांपाशी. धाकटी सहाव्या वर्षात आहे, थोरला तेरा वर्षांचा. तीन वर्षांनी परत आल्यावर धाकटी आजीशी कोणत्या भाषेत बोलेल? आणि थोरल्याच्या दहावीचे काय?

या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत. दोघांना एकच शाळा, एकच मार्ग असा निर्णय घेतल्यास एकाचे नुकसान निश्चित होते.

फ्रान्सची शाळा कशी असते

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण १८८१ च्या कायद्याने विनामूल्य आणि १८८२ च्या कायद्याने सक्तीचे व धर्मनिरपेक्ष झाले. शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या नावाने हे कायदे ओळखले जातात. सप्टेंबर २०१९ पासून शिक्षणाची सक्ती तिसऱ्या वर्षापासूनच सुरू होते आणि ती सोळाव्या वर्षापर्यंत असते. हा नियम तेथे राहणाऱ्या परदेशी मुलांनाही लागू आहे. ‘तीन वर्षांचाच प्रश्न आहे, घरीच शिकवू’ असा विचार करणाऱ्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे, की घरी शिकवण्यासाठी आता सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही.

इयत्तांची मोजणी आपल्याहून वेगळी आहे. तीन ते सहा वर्षांची मुले ‘मातेर्नेल’मध्ये, म्हणजे बालवाडीत जातात. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचे होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते ‘सेपे’ या पहिल्या इयत्तेत बसते. पाच वर्षांची प्राथमिक शाळा संपली, की ‘कोलेज’ लागते. त्या शब्दाने महाविद्यालय समजू नये. ती चार वर्षांची माध्यमिक शाळा होय. तेथून पुढे मोजणी उलटी चालते: सहावी, पाचवी, चौथी, तिसरी. त्यानंतर ‘लिसे’ची तीन वर्षे आणि अखेरीस ‘बाकालोरेआ’ ही शालान्त परीक्षा. आपल्या आठवीतील मुलगा तेथे ‘चौथी’त बसला, म्हणून आजोबांनी घाबरण्याचे कारण नाही.

सरकारी शाळेत शुल्क नाही. बालवाडी आणि प्राथमिक शाळेसाठी नाव नगरपालिकेत नोंदवावे लागते, आणि राहत्या पत्त्यावरून शाळा ठरते. म्हणून जाणत्या कुटुंबांत आधी शाळा पाहिली जाते आणि मगच घर भाड्याने घेतले जाते. पेढीसाठी जागा घेताना बाजार पाहावा, तसेच हे.

ज्या मुलाला फ्रेंच येत नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. प्रत्येक शैक्षणिक विभागातील ‘कॅसनाव’ हे केंद्र नवागत मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहते. मुलाची भाषेची आणि गणिताची चाचणी होते, आणि त्याला ‘यूपीई-२-ए’ नावाच्या विशेष वर्गात घेतले जाते. २०१२ च्या परिपत्रकानुसार या वर्गात प्राथमिक शाळेतील मुलांना आठवड्याला किमान नऊ तास आणि माध्यमिक शाळेतील मुलांना किमान बारा तास फ्रेंच शिकवले जावे, असे अपेक्षित आहे. उरलेला वेळ मूल आपल्या वयाच्या नेहमीच्या वर्गात बसते. बालवाडीत मात्र असा विशेष वर्ग नसतो. लहान मूल खेळता खेळता भाषा उचलते, असे मानले जाते.

दोन भाषांच्या शाळा

फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या शाळा तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार सरकारी शाळांतील ‘आंतरराष्ट्रीय विभागां’चा. १९८१ मध्ये या विभागांना नियमांची चौकट मिळाली. मूल नेहमीचा फ्रेंच अभ्यासक्रम शिकते आणि त्याच्या जोडीला परकीय भाषा व तिचे साहित्य, तसेच वरच्या वर्गांत इतिहास-भूगोलाचा काही भाग त्या भाषेतून शिकते. पॅरिसजवळील सँ-जेरमँ-आँ-ले येथील आंतरराष्ट्रीय लिसे ही या प्रकारातील सर्वांत जुनी आणि नावाजलेली संस्था. १९५२ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांच्या लष्करी मुख्यालयातील अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ती सुरू झाली. तुलूझजवळ कोलोमिये येथे विमान उद्योगाच्या परिसरात, आणि जिनिव्हाच्या सीमेवर फेर्ने-व्होल्तेर येथे शास्त्रज्ञांच्या वसाहतीलगत अशीच लिसे आहेत. येथे प्रवेशासाठी चाचणी असते आणि जागा मोजक्या असतात. सप्टेंबरात प्रवेश हवा असल्यास अर्जाची चौकशी आदल्या हिवाळ्यातच करावी लागते. बदलीचा हुकूम मे महिन्यात हाती आला, तर ही संधी बहुधा निघून गेलेली असते.

दुसरा प्रकार सरकारशी करार केलेल्या खासगी शाळांचा. शिक्षकांचा पगार सरकार देते, अभ्यासक्रम सरकारी असतो आणि शुल्क तुलनेने बेताचे असते. यांतील बहुसंख्य शाळा कॅथलिक संस्थांच्या आहेत. परंतु करारामुळे त्या सर्व धर्मांच्या मुलांना प्रवेश देण्यास बांधलेल्या असतात. पॅरिसमधील १९५४ साली स्थापन झालेली एकोल जनीन मान्युएल ही द्विभाषिक शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली शाळा याच प्रकारात मोडते.

तिसरा प्रकार करार नसलेल्या स्वतंत्र शाळांचा. १९४६ ची अमेरिकन स्कूल ऑफ पॅरिस, १९५४ ची ब्रिटिश स्कूल ऑफ पॅरिस आणि १९६४ ची इंटरनॅशनल स्कूल ऑफ पॅरिस ही त्यांची उदाहरणे. येथे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होते आणि फ्रेंच हा एक विषय असतो. वरच्या इयत्तांचे शुल्क वर्षाला २० हजार युरोंच्या पुढे जाते. कंपनीने हा भार उचलण्याचे मान्य केले आहे काय, हे नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. सही झाल्यावर हा विषय काढणे म्हणजे माल तोलून झाल्यावर भाव विचारणे होय.

धाकटीचा हिशेब

कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी चाळीस वर्षांपूर्वी एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्याइतके प्रावीण्य मुलाला साधारण दोन वर्षांत येते. परंतु त्या भाषेत इतिहास, विज्ञान, निबंध असा शालेय अभ्यास समवयस्कांच्या बरोबरीने करण्यास पाच ते सात वर्षे लागतात. मातृभाषेचा पाया पक्का असेल, तर दुसरी भाषा त्याच पायावर उभी राहते, हेही त्यांनी मांडले.

हा भेद धाकटीच्या बाजूने आहे. सहाव्या वर्षी ती पहिल्या इयत्तेत जाईल, तेव्हा तिच्या वर्गातील फ्रेंच मुलेही अक्षरे नुकतीच गिरवू लागलेली असतील. तिने शेजारची सरकारी शाळा धरली, तर तीन वर्षांत ती फ्रेंच बोलेल, वाचेल आणि लिहील. अंकांची गंमतही तिला लवकर कळेल. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात आणि ब्याण्णवला ‘चार वीस बारा’. खेड्यातील जुनी माणसे विसांच्या हिशेबाने मोजत, हे ज्या आजोबांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. दशांश चिन्हाच्या जागी तेथे स्वल्पविराम देतात, एवढे मात्र आधीच सांगून ठेवावे.

धाकटीची खरी जोखीम मराठीची आहे. लहान मूल जितक्या वेगाने नवी भाषा उचलते, तितक्याच वेगाने जुनी सोडते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे. ती परत येईल तेव्हा तिसरी-चौथीत असेल, आणि देवनागरी वाचता येत नसेल, तर फ्रान्समध्ये पहिल्या दिवशी तिला जे परकेपण सोसावे लागले, तेच स्वतःच्या गावात पुन्हा सोसावे लागेल. घरातील संवादाचे नुकसान त्याहून मोठे. ते गुणपत्रिकेवर दिसत नाही. आजीला फ्रेंच येत नाही. नातीला मराठी येईनाशी झाली, तर दोघींमध्ये फक्त मोबाइलवरचे हसणे उरते.

यावर उपाय आहे. मात्र त्याला शिस्त हवी. आई-वडिलांनी घरात मराठीच बोलावी. मोडकी फ्रेंच बोलून मुलांची भाषा सुधारत नाही. जाण्यापूर्वी बाराखडीची ओळख करून द्यावी आणि दहा-वीस गोष्टींची पुस्तके सामानात ठेवावीत. फ्रान्समधील बऱ्याच प्राथमिक शाळांना बुधवारी पूर्ण किंवा अर्धी सुट्टी असते. तो दिवस आजीचा ठरवून टाकावा. वेळेचे गणितही जमते: उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. सुट्टीच्या बुधवारी तेथे सकाळचे दहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात नागपुरात दुपारचे अडीच वाजलेले असतात. आजीची दुपारची कामे उरकलेली असतात. अर्धा तास वाचन, एक गोष्ट, एक स्तोत्र. शाळेनंतर संध्याकाळी सातला फोन करू म्हटले, तर नागपुरात रात्रीचे साडेअकरा वाजतात; असा बेत महिनाभरही टिकत नाही.

थोरल्याचा हिशेब

तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी आहे. पाच-सात वर्षांचा तो हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. सरकारी शाळेत तो कोलेजची शेवटची दोन आणि लिसेचे पहिले वर्ष करील. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याला ‘ब्रेव्हे’ची परीक्षा फ्रेंचमधून द्यावी लागेल. तिसऱ्या वर्षी, जे वयाने आपल्या दहावीच्या जवळचे, कोणतीही सार्वजनिक परीक्षा नसते. म्हणजे अभ्यासाचा सर्वाधिक ताण सोसून तो परतेल, आणि अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी हाती दहावीच्या तोडीचे परीक्षा-प्रमाणपत्र नसेल.

ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत हेच गणित बसते. तेरा वर्षांचा मुलगा तेथे नवव्या वर्षात बसतो, आणि नववे, दहावे व अकरावे अशा तीन वर्षांच्या शेवटी आयजीसीएसई ही परीक्षा येते. ठरावीक अटी पूर्ण केल्यास ही परीक्षा भारतात दहावीशी समकक्ष मानली जाते. परदेशी शालेय परीक्षांच्या समकक्षतेचे काम दिल्लीचा भारतीय विद्यापीठ संघ पाहतो. किती विषय, कोणत्या श्रेणी, हे मुलाने विषय निवडण्यापूर्वीच तपासावे. अशा शाळा मुख्यतः मोठ्या शहरांच्या परिसरात असतात. नोकरीचे गाव लहान असल्यास हा मार्ग बंद होतो.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात उशिरा येते. महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यातील जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी कोठून झाली, हेही पाहिले जाते. मुलाला येथेच वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षण घ्यावयाचे असेल, तर त्या त्या अभ्यासक्रमाचे चालू नियम निघण्यापूर्वी वाचलेले बरे.

कंपनी शुल्क देत नसेल आणि गावात इंग्रजी शाळा नसेल, तर थोरल्याने आजी-आजोबांजवळ राहून दहावी पूर्ण करणे हाही कमीपणाचा मार्ग नव्हे. शिक्षणासाठी मुलांना घरापासून दूर ठेवण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, तेव्हा विदर्भातील श्रावकांनी आपली मुले अशीच गुरुकुलाच्या हवाली केली होती. मात्र हा निर्णय मुलाला विचारून घ्यावा. तेरा वर्षांच्या मुलाला आपले मत असते, आणि ते ऐकून घेतले गेले, हे त्याला पुढे आयुष्यभर आठवते.

ताटातला प्रश्न

जैन कुटुंबाला शाळेइतकाच शाळेच्या भोजनगृहाचा विचार करावा लागतो. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्यानंतर शालेय भोजनगृहांत आठवड्यातून एक शाकाहारी जेवण देणे सुरू झाले, आणि २०२१ च्या कायद्याने ते कायम झाले. परंतु तेथील शाकाहारात अंडे चालते, बटाटा-कांदा तर असतोच, आणि चीज बनवताना प्राणिजन्य विरजण वापरलेले असू शकते. धार्मिक कारणासाठी वेगळे जेवण देण्याचे बंधन नगरपालिकांवर नाही आणि बंदीही नाही, असा निर्णय फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. घरचा डबा नेण्यास वैद्यकीय कारणाशिवाय सहसा परवानगी मिळत नाही. मात्र प्राथमिक शाळेला दुपारी दीड-दोन तासांची सुट्टी असते आणि मुलाला घरी जेवायला नेता येते. म्हणून घर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही आपल्यासाठी सोय नव्हे, गरज आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनी ऋतूंचा विचार करावा. डिसेंबरात पॅरिसचा सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये रात्री दहाच्या जवळ. हिवाळ्यात शाळा सुटल्यावर मुलाला लगेच जेवू घालावे लागते. पर्युषण आणि दशलक्षण पर्व येते, नेमकी तेव्हाच सप्टेंबरात फ्रेंच शाळा उघडते. पहिल्याच आठवड्यात मुलाला घरी ठेवण्यापेक्षा शिक्षकांना आधी भेटून पर्वाचे महत्त्व समजावून सांगावे. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यास बंदी आहे. गळ्यातील लहानसे, सहज नजरेत न भरणारे चिन्ह चालते. हा नियम सर्व धर्मांना सारखा आहे, हे मुलाला समजावले म्हणजे त्याला अपमान वाटत नाही.

कागदपत्रे

निघण्यापूर्वी जन्मदाखल्यावर अपोस्टिल करून घ्यावे. फ्रान्समध्ये गेल्यावर शपथबद्ध अनुवादकाकडून त्याचे फ्रेंच भाषांतर करावे. शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंदवही सोबत असावी. १ जानेवारी २०१८ नंतर जन्मलेल्या मुलांना तेथे अकरा लसी सक्तीच्या झाल्या, आणि २०२५ पासून मेंदुज्वराच्या लसींची त्यांत भर पडली. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नसते. म्हणून यादी घेऊन बालरोगतज्ज्ञांना दोन-तीन महिने आधी भेटावे. परतताना फ्रेंच शाळेकडून सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तके मागून घेण्यास विसरू नये.

जमा बाजू

फ्रान्सने परदेशी गेलेल्या आपल्या मुलांचा विचार फार पूर्वी केला. पुदुच्चेरीचे फ्रेंच लिसे १८२६ पासून चालू आहे. दिल्ली आणि मुंबईतही फ्रेंच शाळा आहेत. नागपूरसारख्या ठिकाणी आलेल्या फ्रेंच कुटुंबाला १९३९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या दूरशिक्षण केंद्राचा आधार मिळतो. मुलाची भाषा तुटू नये, याची काळजी तेथे राष्ट्राने घेतली. आपल्याकडे ती घरालाच घ्यावी लागते.

मराठीला फ्रान्स अगदीच अनोळखी आहे, असेही नाही. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्येच प्रसिद्ध झाला. आर्मां गेरिनो यांनी १९०६ मध्ये जैन ग्रंथांची सूची फ्रेंचमध्ये सिद्ध केली. परक्या देशातील विद्वानांनी आपली भाषा आणि आपले आगम इतक्या आस्थेने अभ्यासले. आपल्या मुलांनी त्यांची भाषा शिकताना स्वतःची गमवावी, असे कोणत्याही शाळेच्या नियमात लिहिलेले नाही. जैन आचार्यांनी अर्धमागधी, महाराष्ट्री, संस्कृत, कन्नड अशा अनेक भाषांत रचना केल्या. जेथे गेले, तेथील लोकांची भाषा त्यांनी आपली केली आणि आपले मूळही राखले.

बेसाच्या त्या घरात निर्णय काय होईल, हे त्या घरानेच ठरवायचे आहे. कदाचित धाकटी जाईल आणि थोरला राहील; कदाचित दोघेही जातील. पण सामानाच्या यादीत आजीने वाचून दाखवलेल्या गोष्टींचे पुस्तक असेल आणि बुधवारची दुपार तिच्यासाठी राखून ठेवलेली असेल, तर तीन वर्षांनी नागपूरच्या विमानतळावर नात धावत येऊन जे बोलेल, ते आजीला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.